अख्खा भेजा काढणारी आत्या

माझी गोजरआत्या कधी शाळेत गेली नाही. तरी माझ्या एम.एस्सी.चं श्रेय कुणाचं असं कुणी विचारलं, तर मी तिचंच नाव सांगते. लोक हसतात. हसू देत.

सत्याऐंशी सालची गोष्ट. मी मूळची केदारखेड्याची. शाळा-कॉलेज जालन्यात, मस्तगडला आत्याच्या घरी राहून केलं आणि पुढं औरंगाबादच्या विद्यापीठात मेंदू आणि मज्जातंतू शिकायला गेले. माझा प्रकल्प होता शेळीच्या मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या भागावर. विषय सांगताना मोठा रुबाब वाटायचा. काम सुरू झाल्यावर तो पार उतरला. कारण हा भाग असतो मेंदूच्या अगदी पुढच्या दोन टोकांना आणि मुंडी फोडताना खाटकाचा सत्तूर नेमका तिथूनच जातो. आठ मेंदू आणले, आठही फुटलेले.

सरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "सोमवारपर्यंत एक तरी धड मेंदू आणा, नाहीतर विषय बदला. गांडूळ घ्या."

गांडुळावर आधीच तिघं बसले होते. मला मेंदूच शिकायचा होता! शनिवारी मस्तगड गाठलं आणि आत्यापुढं भोकाड पसरलं.

"येवढ्यासाठी रडून राह्यलीस?" आत्या म्हणाली. "धाव्वीच्या परीक्षेला अख्खा भेजा कोण काढून देत व्हतं तुला?"

खरंच की! भेजा खाल्ला की डोकं चालतं आणि फुटका खाल्ला तर अर्धंच चालतं, अशी आत्याची पक्की समजूत. त्यापायी माझ्या प्रत्येक परीक्षेला ती मुंडी न फोडता आणायची. मी आपली आयतं खाणारी. तो निघतो कसा, हे बघायला कधी चुलीजवळ गेले नव्हते.

रविवारी तिनं तीन मुंड्या आणल्या. मी बाटल्या धुवून येईपर्यंत ताटात तीन मेंदू तयार. अख्खे, पुढच्या टोकांसकट. आणि पिवळेधमक! सवयीनं तिनं त्यांना मीठ-हळद चोळली होती.

"आत्या, हे काय केलंस गं!"

"हळद न्हाई लावली तर बिलकुल टिकत न्हाई," ती मलाच समजावू लागली.

मी चिडले, पण सोमवारी तेच घेऊन गेले. दुसरं होतं काय? सर बराच वेळ ताट फिरवत राहिले.

"मीठ-हळदीमुळं हे आपल्या कामाचे नाहीत. पण काढले कुणी?"

"आत्यानं."

"कुठल्या विभागात असतात?"

"मस्तगडला."

सरांनी ताट खाली ठेवलं. "उद्या त्यांना घेऊन या. मुंड्या मी मागवतो."

मंगळवारी सकाळच्या एसटीनं आत्या माझ्याबरोबर आली. ठेवणीतलं लुगडं, पिशवीत छन्नी आणि खलबत्त्यातला बत्ता. उंच टेबल बघून तिनं मान हलवली आणि प्रयोगशाळेच्या फरशीवरच बसकण मारली. छन्नी कवटीभोवती फिरवत ती बत्त्यानं हलके ठोके देत गेली. डब्याचं झाकण निघावं तशी कवटी उघडली. मग बोटं खाली घालून तिनं मेंदू अलगद तळहातावर घेतला. पुढची दोन्ही टोकं शाबूत! सरांनी तो लगेच फॉर्मालिनच्या बाटलीत सोडला.

"गांडूळ राहू द्या," ते मला म्हणाले. "लागा कामाला."

मला उडी मारावीशी वाटत होती. तेवढ्यात मागं जमलेल्या मुलांपैकी एक जण म्हणाला, "मॅडम, आम्हाला नीट दिसलं नाही. पुन्हा दाखवा ना."

आत्यानं वळून दाराकडं पाहिलं.

"कोन बाई आल्या गं?"

"आत्या, तो तुलाच म्हणतोय."

तिनं माझ्याकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि दुसरी मुंडी पुढ्यात ओढली.

"मंग जवळ या की. लांबून काय दिसंल?"

सगळ्यांच्या आधी सरच तिच्यासमोर मांडी घालून बसले. मला आत्याचा इतका अभिमान वाटला की भर वर्गात रडू फुटलं.