कोऱ्या सूर्याचं वादळ

'समन्वय' हा शब्द ऐकला की कुमुद टिपणीस असं नाक मुरडायची, की समोरच्याला वाटावं, जवळपास कुठेतरी गटार तुंबलंय.

नवीन पनवेलमधल्या एका सरकारी केंद्रात ती सूर्याचा अंदाज सांगायची. सूर्यावर स्फोट झाला की त्यातून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट दोन-तीन दिवसांत पृथ्वीवर येऊन आदळतो. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. मग उपग्रह, रेडिओ, जीपीएस सगळ्यांची तारांबळ उडते. हे आधी कळावं म्हणून दहा-बारा देशांतली केंद्रं रोज आपापला अंदाज एकमेकांना पाठवत. कल्पना उत्तम होती. आपल्याकडे सूर्य मावळला की दुसऱ्या कोणाकडे तो डोक्यावर असतोच, तेव्हा त्याने पाहावं आणि आपल्याला सांगावं.

प्रत्यक्षात मात्र प्रत्येक जण दुसरा काय लिहितो याची वाट पाहायचा. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोरांना निदान मास्तरांचा धाक असतो. इथे डोकावण्यासाठीच परिषदा भरत, आणि परिषदेहून आलेले लोक गळ्यातलं ओळखपत्र दोन दिवस काढत नसत.

केंद्राचे संचालक डॉ. स्वानंद गुर्जर हे त्या जातीतले पहिल्या नंबरचे. परिषदांसाठी व्हिएन्नाला तीनदा जाऊन आलेले. कुमुदने अंदाज लिहिला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"बाकीचे काय म्हणतायत?"

"सर, बाकीच्यांचं मी अजून उघडलं नाही."

"मग उघडा ना. आपण एकटे पडायला नको."

२००९ साल. सूर्य महिनोन्‌महिने कोरा होता, औषधालाही डाग नव्हता, आणि डागच नाही तर स्फोट कुठला? कुमुद रोज 'शांत' असं लिहायची, बाकीचे देशही 'शांत' लिहायचे, आणि गुर्जर या एकमतावर भाषणं द्यायचे. एका गुरुवारी तिच्या मस्तकात तिडीक गेली. हे लोक खरंच काही पाहतात का, हे एकदा बघूच, म्हणून तिने लिहिलं : 'रविवारी मध्यम चुंबकीय वादळाची शक्यता.' कशाचाही आधार नव्हता. कोणीतरी तासाभरात विचारेल, कशावरून, मग आपण टायपिंगची चूक म्हणून मागे घेऊ, असा तिचा हिशेब होता.

कोणी विचारलं नाही. संध्याकाळी एका देशाने लिहिलं, 'किंचित शक्यता नाकारता येत नाही.' सकाळपर्यंत दुसऱ्याने 'किंचित' गाळलं. शुक्रवारी दुपारी तिसऱ्याने 'शक्यता बळावली' असं कळवलं. कुमुद आपला अंदाज मागे घ्यायला गुर्जरांच्या खोलीत गेली, तर ते एका वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर टाय नीट करत बसले होते.

"सर, त्या वादळाबद्दल थोडं बोलायचं होतं."

"नंतर. टिपणीस, तुम्ही पहिल्या होतात, मी विसरणार नाही. सगळं जग आता एका सुरात बोलतंय."

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण कॅमेरा सुरू झाला आणि ती पाय न वाजवता बाहेर आली. वाहिनीने ते वादळ रात्रीपर्यंत इतकं फुगवलं, की पडद्यावर पृथ्वी भाजलेल्या वांग्यासारखी दिसत होती.

रविवार उजाडला. सूर्य तसाच कोरा, चुंबकमापकाची रेघ तशीच सरळ. कुमुद नेहमीप्रमाणे उरण नाक्याच्या बाजारात मासळी घ्यायला गेली. उरणजवळच्या करंजा बंदरावरून येणारी कृष्णाबाई कोळीण तिची वर्षानुवर्षांची ओळखीची. आज तिच्या पाटीत चार शिळपट मांदेल्या आणि सुके बोंबील एवढंच होतं.

"पापलेट नाही, कृष्णाबाई?"

"कुठनं येनार बाय? होड्या बंदरातच हायेत." कृष्णाबाईने पाण्याचा हात झटकला. "टीवीवर सांगलं, सूर्व्यावर वादल हाय. जीपीएस बंद पडनार, वाट चुकाल. आमचा भाऊ काळूराम जातो म्हनत व्हता, पन मच्छीमार सोसायटीनं सगल्यांना अडवलं. कोनी जायाचा नाय."

कुमुद पाटीतले बोंबील चाळू लागली.

"वारा कसा झकास व्हता दोन दिस. तुमी त्याच हापिसात हाव ना? मंग सांगा, कुठं हाय वादल? आमाला तर काय दिसत नाय."

कृष्णाबाईच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती ती. कुमुदने बोंबील घेतले आणि मान खाली घालून निघाली. शहाण्यांची फजिती बघायला म्हणून तिने खडा मारला होता. शहाण्यांना काही झालं नव्हतं. ते टीव्हीवर होते. खडा लागला होता करंज्याच्या कोळ्यांना, ज्यांनी जन्मात कोणाचा अंदाज उतरवून घेतला नव्हता. इतकी वर्षं ती इतरांना पोकळ म्हणत आली होती. घरी पोचेपर्यंत तिला स्वतःची इतकी शिसारी आली, की ते बोंबील तिने शेजारणीला देऊन टाकले.

सोमवारी ती गुर्जरांसमोर उभी राहिली.

"ते वादळ मी मनाने लिहिलं होतं. कोणी तपासतं का, ते बघायला."

गुर्जरांनी चष्मा काढला. "पण इतर केंद्रांनीही तेच..."

"त्यांनी माझं बघून लिहिलं. तुम्ही त्यांचं बघून मुलाखत दिलीत."

"हे आणखी कोणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग बोलू नका. वादळ चुकलं म्हणायचं. सूर्य आहे, कधीकधी चुकतो."

"सूर्य नाही चुकला, सर."

पुढच्या महिन्यात सगळ्या देशांची फोनवर बैठक झाली. परदेशी निमंत्रकांनी त्या रविवारचा कौतुकाने उल्लेख केला. वादळ आलं नाही हे खरं, पण सर्व केंद्रं एका दिवसात एकाच निष्कर्षाला आली, ही आपल्या सहकार्याची परिपक्वता आहे, असं ते म्हणाले. गुर्जर आभार मानायला सरसावले. त्यांच्याआधी कुमुद माइककडे झुकली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आधी आपली खोडी, मग त्यांची नक्कल, मग बंदरात उभ्या राहिलेल्या होड्या.

 लाइन तुटली असावी, या आशेने गुर्जर फोनकडे बघत होते. अखेर निमंत्रक खाकरले आणि म्हणाले, भारतीय सहकाऱ्यांच्या उपयुक्त सूचनेचा विचार 'इतर विषयां'त करू. इतर विषयांची वेळ आली तेव्हा बैठकीची वेळ संपली होती.

कुमुदला लेखी ताकीद मिळाली. ती तिने मुकाट्याने घेतली, चूक होतीच. वर तिला अंदाजातून काढून शाळांच्या सहलींना सूर्याचं प्लास्टिकचं मॉडेल दाखवायला बसवलं. दोन वर्षांनी मात्र नियम झाला, की प्रत्येक केंद्राने दुसऱ्याचा अंदाज उघडण्याआधी आपला पाठवायचा, कारणांसह. त्यावर गुर्जरांनी व्हिएन्नात निबंध वाचला आणि येताना सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली. कुमुदने एक खाल्लं. निबंधात तिचं नाव नव्हतं, कोळ्यांचंही नव्हतं. 'एका घटनेनंतर' एवढेच दोन शब्द होते.

पुढे माणसं कमी पडली म्हणून तिला परत अंदाजावर घेतलं. २०१५च्या मार्चमध्ये खरोखरीचं मोठं वादळ आलं. त्याआधी एका देशाने किरकोळ म्हटलं होतं, दुसऱ्याने काहीच नाही, कुमुदने मध्यम. आलं ते सगळ्यांच्या अंदाजाबाहेरचं.

गुर्जर कपाळाला हात लावून तिच्या टेबलापाशी आले. "एवढे देश, आणि दोघांचं एकमत नाही. लोक काय म्हणतील?"

"चुकलो म्हणतील," कुमुद म्हणाली. "पण या वेळी प्रत्येक जण स्वतः चुकला, सर. म्हणजे निदान प्रत्येकाने सूर्य पाहिला तरी."

गुर्जरांना यात समाधान मानण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी तातडीची समन्वय बैठक बोलावली. कुमुद गेली नाही. चुंबकमापकाची रेघ अजून खाली चालली होती, म्हणजे वादळ वाढतच होतं, आणि आपलं कुठे चुकलं ते तिला शोधायचं होतं.