सगळी पाटी तुम्हीच घ्या

सोमवार, म्हणजे घरात मासळीचा वासही नाही. वरणभात जेवून रामराय केंकरे पडवीतल्या आरामखुर्चीत लवंडतात. पोटावर एक कागद. पाच वाजता पणजीला गव्हर्नरसाहेबांपुढे त्यावर सही करायची आहे: माझ्या खाणीचं मँगनीज यापुढे जर्मनांना विकणार नाही. लढाई इंग्रज-जर्मनांची, गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. पण इंग्रजांच्या कॉन्सलने ठणकावलंय, विक्री बंद करा, नाहीतर हिंदुस्थानातून येणारा तांदूळ बंद. सही करावी तर खाणीवरची तीनशे घरं उपाशी, न करावी तर अख्खा गोवा. डोळे जड होतात, डोकं मात्र गप्प बसत नाही.

"जेवलात का पोटभर?"

समोर सत्यभामाबाई. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली हे रामरायांना पक्कं ठाऊक आहे, पण बायकोला तसं तोंडावर कसं म्हणायचं?

"जेवलो. सोमवार ना आज."

"माझ्याकडे कुठला आलाय सोमवार!" हसत त्या विळी पुढ्यात ओढतात. पडवी कुठली, ही तर गव्हर्नरांची कचेरी! लाल गालिच्यावर ऐसपैस बसून बाई तांबोशी मासळीचे खवले काढतायत आणि गव्हर्नरसाहेब पाय वर घेऊन बसलेत.

"अगं, इथे?"

"चेहरा का उतरलाय ते सांगा आधी."

रामराय सांगतात. "तीनशे चुली आहेत गं."

"इतकी वर्षं माझ्याबरोबर बाजारात आलात, पिशवी धरून नुसते उभेच राहिलात होय?"

सगळीकडे मासळीबाजार. टोपी सावरत कॉन्सल शेवंती खारविणीपुढे उकिडवा बसलाय. "ही मासळी समोरच्या घरी द्यायची नाही," तो दरडावतो.

शेवंती कमरेवर हात ठेवते. "नाही देत. मग सगळी पाटी तूच घे! नाहीतर ऊठ, माझं गिऱ्हाईक अडवू नकोस."

बाजार खदखदतो. कॉन्सल मुकाट्याने खिसा चाचपतो. रामरायांना इतकं हलकं वाटतं, की तेही पोट धरून हसतात.

"आणि तो उठून चालता झाला तर?"

"हाक मारायची नाही. चार पावलांवर थांबतोच." ओल्या हाताने बाई त्यांचं मनगट दाबतात.

"तू येतेस बरोबर?"

"इश्श! चहा निवतोय तुमचा."

चहा खरंच शेजारी ठेवलाय. चार वाजलेत. रामराय टाक उचलतात आणि सहीच्या जागेच्या वर एक ओळ वाढवतात: 'मात्र खाणीचा सगळा माल इंग्रजांनी विकत घ्यावा.' लिहिता लिहिता हात थबकतो.

"सूनबाई, घरात मासळी आलीय का आज?"

"शिव शिव, मामंजी! सोमवारी?"

मनगटावर एक तांबूस खवला घट्ट चिकटलाय.

"हातावर पाणी घालू का?" सून विचारते.

"नको गं," म्हणत रामराय कोटाची बाही हळूच त्यावर ओढतात, आणि पणजीला निघतात.