कुणाला त्रास न देता

आई गेली त्यानंतर बेसण्याला आलेल्या बहुतेक माणसांनी माझ्याजवळ येऊन एकच वाक्य ऐकवलं. "नशीबवान हो, कुणाला त्रास न देता गेल्या." सुरुवातीला मी मान हलवत होते. मग मला त्या वाक्याचा इतका राग यायला लागला की पुढचं माणूस हात जोडत आलं की मी पदर सावरायच्या निमित्ताने दुसरीकडे बघायचे.

बेसणं म्हणजे ठरल्या वेळी पांढरे कपडे घालून हॉलवर यायचं, फोटोला फूल वाहायचं, थोडं बसायचं आणि निघायचं. रीत गुजराती, पण आम्ही बडोद्याचे मराठी पिढ्यानपिढ्या इथलेच, त्यामुळे ती आमचीही कधीच झाली. पूर्वी आमच्याकडे दहा दिवस माणसं घरी येत, कुणी ना कुणी पिठलं-भात आणून देई. आता माझ्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर हॉलचा पत्ता कळवला आणि खाली लिहिलं, 'लौकिक व्यवहार बंद राखेल छे.' म्हणजे सरळ भाषेत, घरी येऊ नका.

आईला नेमकं हेच नको होतं. ती भावाकडे छाणीला राहायची, नव्या सोसायटीत, सहाव्या मजल्यावर. मी फतेगंजात. आयुष्यभर तिने आमच्याकडे काही मागितलं नाही, मात्र शेवटची दोनतीन वर्षं ती एक गोष्ट सारखी सांगायची. "मला घरून न्या. दवाखान्यातून परस्पर नेऊ नका." भाऊ म्हणायचा, "आई, काहीतरी काय बोलतेस, शंभरी गाठशील तू." तो विषय टाळायचा आणि त्याला वाटायचं की आपण तिला धीर देतोय.

आमचं लहानपण नागरवाड्यात गेलं. तिथे समोर एक गृहस्थ राहायचे, अतिशय भांडखोर. नळावरून, सांडपाण्यावरून, आमच्या चेंडूवरून सगळ्या गल्लीशी त्यांचं वाकडं. ते सकाळी गेले. त्यांना उचलेपर्यंत गल्लीत एकाही घरात चूल पेटली नाही. भावाने दुधासाठी भोकाड पसरलं तर आई म्हणाली, "आधी त्यांना जाऊ दे." ज्या माणसाने तिला भर गल्लीत वाटेल ते ऐकवलं होतं, त्याच्यासाठी तिने आम्हाला दुपारपर्यंत उपाशी ठेवलं. आम्हा पोरांना कुणी आत कोंडलं नाही. आम्ही प्रेत पाहिलं, नाकातला कापूस पाहिला, घाबरलो आणि संध्याकाळी पुन्हा खेळायला गेलो.

त्या काळाचे गोडवे गाणारी मी नाही. ज्या बायकांनी चुली बंद ठेवल्या त्याच बायकांनी त्या माणसाच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, आणि ती ओरडत असताना तिचे हात धरले. तेही मी पाहिलंय. त्या रीती गेल्या ते फार बरं झालं. पण आम्ही क्रूरपणाबरोबर माणसं येण्याजाण्याचाही निकाल लावला. तेव्हा मेलेला माणूस अख्ख्या गल्लीला कामाला लावायचा आणि तो त्याचा हक्क समजला जायचा. आता मेलेल्याने वेळेवर, बाहेरच्या बाहेर आटपावं अशी अपेक्षा असते. आटपलं की त्याचं कौतुक होतं.

आई आयसीयूत गेली. आत जाऊ देत ते थोडा वेळ, तेही एकेकट्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी भावाला म्हटलं, "आता तिला घरी नेऊ. तासभर ठेवू, मग पुढे जाऊ." तो माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, "ताई, सोसायटीत शववाहिनी आत आणत नाहीत. ठराव झालाय."

मी त्याच्या हातातला फोन घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलले. ते अगदी गोड बोलत होते. "बेन, समजो ने. नानां छोकरां छे, डरी जाय. अने लिफ्टमां स्ट्रेचर पण नहीं आवे." मी म्हटलं, स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नसेल तर वर नको, खाली पार्किंगमध्ये ठेवू. ते म्हणाले, ठराव एकमताने झालाय, तुमच्या भावानेही हात वर केला होता. मी भावाकडे पाहिलं. तो खिशात काहीतरी शोधत होता.

"मग माझ्याकडे चल," मी म्हटलं. "माझ्या घरून नेऊ."

त्यावर मात्र त्याला ताबडतोब उत्तर सुचलं. "मुलगा असताना मुलीच्या घरून? लोक काय म्हणतील?" सुतक नको, दहा दिवस नकोत, घरी माणसं नकोत, पण एवढी एक जुनी रीत त्याला बरोब्बर आठवली. मी तिथे व्हरांड्यात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. कागदावर सही मुलाची होती आणि गाडी त्याने आधीच सांगितली होती. आई दवाखान्यातून परस्पर स्मशानात गेली. गॅसच्या भट्टीचं दार बंद झालं तेव्हा दोनचार जण बाहेर उभे राहून ऑफिसचे फोन घेत होते.

बेसण्याला ते सेक्रेटरी आले. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, हात जोडलेले. "बहु सारुं मरण," ते म्हणाले, "कोईने तकलीफ न आपी."

मी म्हटलं, "तिला द्यायची होती तकलीफ. तुम्ही देऊ दिली नाही." मराठीत म्हटलं, पण बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला एवढं मराठी कळतं. भावजयीने मला पाणी आणून दिलं, जणू मला भोवळ आली होती. मी ते प्यायले नाही.

वेळ संपली. हॉलवाला दिवे मालवायला लागला. भाऊ आईचा फोटो काखेत धरून माझ्याजवळ आला.

"ताई, आयसीयूत तिने मला विचारलं होतं, घरी कधी नेतोस म्हणून. मी म्हटलं, उद्या."

"मग?"

"म्हणाली, घर आवरून ठेव. माणसं येतील."

एवढं बोलून तो रडायला लागला. लहानपणापासून तो रडला की मीच त्याला जवळ घेत आले आहे, आणि आताही त्याला तेच हवं होतं. मी घेतलं नाही.