बाप्पाच्या ऑफिसातले सेक्रेटरी

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुठल्याही तक्रारीवर म्हणायचे, "बघू ना, बसून बोलू." पण बोलताना एक पाय चपलेत सरकवलेला असायचा. ऑफिसात लोक रोज त्यांच्याशी भांडायचे.

त्या ऑफिसचं देऊळ करायचं निघालं तेव्हा मीटिंगमध्ये दोन तट पडले. कोणी म्हणालं पुण्य लागेल, कोणी म्हणालं घंटेने झोप उडेल. सगळ्यांत आधी हात वर गेला तो सेक्रेटरींचा. मला वाटलं, उतारवयात भक्ती सुचली.

परवा छत गळतंय म्हणून तावातावाने गेलो. मूर्तीशेजारी, त्याच जुन्या खुर्चीत, सेक्रेटरी अनवाणी आणि निवांत बसले होते.

"चपला बाहेर काढ रे. आणि इथे आवाज चढवायचा नाही."

मग माझ्या हातावर प्रसाद ठेवून म्हणाले, "छताचं ना? बाप्पाच्या कानावर घातलंय."