कर्ता अज्ञात

तिवस्याच्या सुंदराबाईला अक्षर येत नव्हतं, पण गाणं जुळवता येत होतं. दिवसभर शेतात निंदण करता करता ती ओळीला ओळ जोडायची आणि संध्याकाळी विहारात बायांना शिकवायची. "पाटी घे गं लेकी हाती, खुरपं खाऊ दे माती" हे तिचं गाणं जयंतीला, लग्नाला, नामकरणाला म्हटलं जायचं. मी तिच्या शेजारची, शाळेत शिकवणारी; माझ्या मुलीच्या लग्नातही तिनंच ते म्हटलं. कुणी केलं हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

अमरावतीचे यशोधन सर एकदा रेकॉर्डर घेऊन आले. तिच्या ओट्यावर बसून चहा प्याले, गाणी भरून घेतली आणि पुस्तक काढलं. पाटीच्या गाण्याखाली छापलं, "कर्ता अज्ञात." तिच्या घरी त्या पुस्तकाचा पत्ताही नव्हता. विद्वानांना चहा लक्षात राहतो, चहा देणारी राहत नाही.

पुढे तिची नात नीलम याच सरांकडे पीएच.डी.ला लागली. विषय वऱ्हाडी बायांची गाणी. सुंदराबाईचा एकच हट्ट होता, माहं नाव छापून आलं पायजे. नीलमनं तिच्या गळ्याची शपथ घेतली होती.

प्रबंध मजकुराची चोरी तपासणाऱ्या संगणकात घातला, तर आजीची सगळी गाणी लाल झाली. त्याच्या मते नातीनं ती सरांच्या पुस्तकातून उचलली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते असं. सर चिडले नाहीत. म्हणाले, माझ्या पुस्तकाचा आधार दे आणि त्यात आहे तसंच लिही. आजीचं नाव घातलंस तर मी खोटा ठरतो, आणि खोट्या माणसाची सही तुला कशाला हवी? मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नाही, आणि अकोल्याच्या कॉलेजातली नोकरी पदवीवाचून अडली होती. नीलमनं आजीचं नाव काढून टाकलं. आजीला सांगितलं नाही.

खुल्या मौखिक परीक्षेला सुंदराबाई नवं लुगडं नेसून माझ्यासोबत आली. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं सभागृहाला विचारायची रीत असते, आणि कुणी काही विचारत नाही हीही रीतच. सुंदराबाईला ती कुठून ठाऊक असणार? पोरगी घाईत विसरली असेल, आपण आठवण द्यावी, म्हणून ती उठली.

"नीलम, थे पाटीचं गानं कोनाचं होय, थे सांगायचं राह्यलं तुहं."

सर हसले. उमेदवाराला उत्तर द्यावंच लागतं, म्हणाले. नीलमनं आजीकडे पाहिलं नाही. स्वच्छ पुस्तकी मराठीत ती म्हणाली, "उपलब्ध पुराव्यांनुसार या गीताचा कर्ता अज्ञात आहे."

टाळ्या पडल्या. त्या पोरीच्या थोबाडीत मारावी असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. सुंदराबाई खाली बसली आणि अज्ञात म्हणजे काय ते मला विचारलं. मी सांगितलं. नंतर जेवणात सरांनी स्वतः तिच्या ताटात जास्तीची जिलबी वाढली.

त्यानंतरच्या जयंतीला बायांनी तिला नेहमीसारखं हात धरून पुढे केलं, पाटीचं म्हण म्हणून. अकोल्याहून आलेली नीलम पहिल्या रांगेत बसली होती.

"थे माहं नाई," सुंदराबाई म्हणाली. "नीलमनं सगळ्याइपुढं सांगतलं."

बायांनी मग तिच्याविनाच ते म्हटलं.