आत सरकवलेला उंबरा

वडील गेल्यावर दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही यमुनेपलीकडे, नव्याने उठलेल्या एका सोसायटीत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. आई, बायको आणि मी. सोसायटीत तेव्हा गच्चीवरून गच्चीवर केबलच्या तारा गेलेल्या होत्या, आणि रस्ता अजून झाला नसला तरी कुणाच्या ना कुणाच्या दारात नवी कोरी मोटार येऊन उभी राहत होती.

ताबा मिळाल्यावर मी नकाशा आणि टेप घेऊन फ्लॅट पडताळून पाहिला. बैठकीची खोली नकाशात सतरा फूट, प्रत्यक्षात सोळा फूट दोन इंच. मधली भिंत लिहिलेली नऊ इंची, निघाली साडेचार इंची. सेक्रेटरीला जाऊन दाखवलं, तर म्हणाला, "भाईसाहब, इतना तो प्लास्टर में चला जाता है." दहा इंचांचं प्लास्टर मी तरी कुठे पाहिलेलं नाही. मी त्याला तसं सांगितलं. आमचं वैर तिथून सुरू झालं, आणि ते कमी व्हावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

हा सेक्रेटरी आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायचा. त्याच्याकडे एक पांढरा पॉमेरियन होता. त्याला तो छातीशी धरून जिना उतरायचा आणि माझ्या स्कूटरपाशी खाली सोडायचा. स्कूटरच्या मागच्या चाकाला कायम वास यायचा.

फ्लॅटच्या दाराला उंबरा नव्हता. ठेकेदाराने दोन बाजूंना दोन आणि वर एक अशी तीन लाकडं लावून काम संपवलं होतं. आईला ते चालेना. हळदकुंकू कुठे वाहायचं आणि रांगोळी कशाच्या आधाराने काढायची, असं ती रोज विचारायची. मग मी कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून सागवानाचा तुकडा आणला, स्कूटरवर आडवा बांधून. रंधा मारला, पटाशीने दोन्ही टोकांना खाचा घेतल्या आणि साडेतीन इंच उंचीचा उंबरा बसवला. दिल्लीत आमच्यासारख्या नोकरदार माणसाने असली कामं स्वतः करणं लाजिरवाणं समजतात. मिस्त्री परवडत नाही असाच अर्थ काढला जातो. मला मिस्त्री परवडत होता. त्याचं काम परवडत नव्हतं. सेक्रेटरी त्या दिवसापासून मला जिन्यात "मिस्त्रीजी" म्हणू लागला. "और मिस्त्रीजी, आज क्या तोड़ रहे हो?"

कुत्री आली ती मागच्या ब्लॉकचं बांधकाम संपल्यावर. मजूर पुढच्या कामावर गेले, ती मागे राहिली. तपकिरी, एक कान अर्धा पडलेला, गावठी. आईने पहिल्या दिवशी तिला पोळी घातली आणि ती आमची झाली. मी तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन दिलं, गळ्यात पट्टा घातला. तिच्यासाठी आईने दाराबाहेर गोणपाट टाकलं.

आईचा नियम साधा होता. कुत्रं घरचं असतं, त्याला घरातली पहिली पोळी मिळते, पण ते उंबरा ओलांडत नाही. आत देव आहेत. तिच्या माहेरी हेच होतं, सासरीही हेच होतं. सुरुवातीला कुत्रीने एकदोनदा पुढचा पाय आत टाकला, तेव्हा आईने "अंहं" एवढंच म्हटलं. पुढे तेही म्हणावं लागलं नाही. दार सताड उघडं असलं तरी ती उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडायची, आत काय चाललंय ते बघत. एक इंचही पुढे नाही.

सेक्रेटरीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. सोसायटीने ठराव केला की पाळीव कुत्री राहतील, भटकी जातील. कमेटीची, म्हणजे महापालिकेची, कुत्रे पकडणारी गाडी पुढच्या रविवारी बोलावली होती. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत आल्याचं आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. मी पट्टा दाखवला, इंजेक्शनचा कागद दाखवला. त्याने कागदाला हात लावला नाही.

"पट्टा तो मैं गेट को भी पहना दूँ," तो म्हणाला. "जो अंदर सोए वो पालतू, जो बाहर सोए वो आवारा. आपकी माताजी खुद उसको अंदर नहीं आने देतीं. सारी बिल्डिंग देखती है."

बाहेर म्हणजे जिन्याखालची जागा, आणि ती सगळ्यांच्या मालकीची. नियमाने तो बरोबर होता. मला त्याचा जास्त राग आला तो त्यामुळे.

घरी येऊन मी आईला सांगितलं की रविवारपर्यंत, निदान गाडी येऊन जाईपर्यंत, तिला आत घेऊ. आई ज्वारीचं पीठ चाळत होती. तिने चाळणी थांबवली नाही.

"ती आत आली की मी बाहेर," ती म्हणाली. "गोणपाट आहेच."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, मग तुम्हीच झोपा बाहेर, तिच्या शेजारी. सेक्रेटरी तुम्हाला आवारा म्हणेल, आम्हाला काही फरक पडणार नाही."

आईशी मी त्या संध्याकाळी बरंच वाईट बोललो. देव भिंतीतल्या कोनाड्यात आहेत, कुत्री त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि तुझ्या माहेरचे नियम या साडेचार इंची भिंतींच्या घरात कशाला, असं सगळं. आईने पीठ चाळून डबा लावून टाकला आणि जेवायला बसली नाही. मग मी चिडून बाहेर गेलो, पट्टा धरला आणि कुत्रीला आत ओढायला लागलो. तिने पुढचे दोन्ही पाय उंबऱ्याला टेकवले, मागे रेटा दिला आणि बसली. मी ओढलं तसा तिच्या गळ्यातून घरघर आवाज आला. पट्टा सोडला. आता दोघी एका बाजूला होत्या.

दारातच बसलो होतो, टेप खिशात होता. सहज म्हणून फ्लॅटची हद्द कुठे लागते ते मापलं. सोसायटीच्या कागदाप्रमाणे हद्द चौकटीच्या बाहेरच्या कडेला संपते. आईची हद्द उंबऱ्याला. दोन्ही एकाच ठिकाणी होत्या याचं कारण उंबरा मी तिथे बसवला होता. तो तिथेच हवा असं कुणीच म्हटलं नव्हतं.

मी आत जाऊन आईला विचारलं, उंबरा आत घेतला तर. तिने विचारलं, किती आत. म्हटलं, पावणेचार फूट. ती उठून दारापर्यंत आली, बैठकीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मग पाहुणे चपला तिथेच काढतील. बरंच आहे."

काम ऑफिस सुटल्यावर, रोज थोडं थोडं केलं. जुना उंबरा पटाशीने सोडवला; सागवान होतं, टोकं शाबूत निघाली. बैठकीत आडवी, कमरेइतक्या उंचीची प्लायची भिंत उभी केली, मध्ये सव्वातीन फुटांची वाट ठेवली आणि तिथे तोच उंबरा फरशीत बसवला. सोळा फूट दोन इंचांच्या खोलीचे बारा फूट पाच इंच राहिले, त्यातही प्लायने जागा खाल्ली. सोफा बसेना, तो भावाकडे पाठवला. बायको म्हणाली की टीव्ही आता नाकाला लागेल. सेक्रेटरी दोनदा खाली आला, ठोकाठोकीने बिल्डिंग हलते असं म्हणाला, आणि काय चाललंय ते डोकावून पाहायचा प्रयत्न केला. मी दार लावून घेतलं. तोंडात स्क्रू धरलेले होते, त्यामुळे त्याच्याशी बोलावं लागलं नाही, हे एक बरं होतं.

सिमेंट वाळल्यावर आईने नव्या जागी उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. गोणपाट दारातून आत, उंबऱ्यापर्यंत ओढलं. कुत्री दारात उभी राहून जमीन हुंगत राहिली. जिथे लाकूड होतं तिथे आता नव्या सिमेंटचा पट्टा होता. आई आतल्या उंबऱ्यामागे पाट टाकून बसली होती. "ये," ती म्हणाली. कुत्री आली, गोणपाटावर गोल फिरली आणि नव्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडली.

रविवारी गाडी आली. सेक्रेटरी आमच्या दारात उभा, मागे काठी आणि फास घेतलेला एक माणूस. दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. आई पाटावर बसून मेथी निवडत होती. सेक्रेटरीने कुत्रीकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे, मग मधल्या भिंतीकडे.

"ये तो फिर भी बाहर ही है," तो म्हणाला.

मी टेप पुढे केला. "फ्लैट यहाँ से शुरू होता है. नापिए."

त्याला वाकायचं नव्हतं. तो आईकडे वळून म्हणाला, "माताजी, आप बताओ, अंदर है कि बाहर?"

आईला हिंदी चाळीस वर्षांत जेमतेम आली होती. तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "घर में है," ती म्हणाली. "हमारे घर में."

फासवाल्याने मला विचारलं, उचलायचं की नाही. मी म्हटलं, नाही. ते मागच्या ब्लॉककडे गेले. गाडी रिकामी परतली नाही. तिकडचं काळं कुत्रं गेलं. त्याच्यासाठी टेप घेऊन कुणी उभं नव्हतं.

पुढच्या सभेत सेक्रेटरीने फ्लॅटच्या आत भिंत उभारायला परवानगी लागेल असा ठराव आणला आणि मंजूर करून घेतला. माझी भिंत आधीची होती. आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा माणूस त्या उंबऱ्याला अडखळतो आणि खोलीच्या मध्ये हे कशाला म्हणून विचारतो.

सेक्रेटरी अजूनही पॉमेरियनला छातीशी धरून जिना उतरतो. त्याची चप्पल वरच्या पायरीवर वाजली की आमची कुत्री गोणपाटावरून न उठता, दाराच्या आतून गुरगुरायला लागते, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत. आई तिला इतर कुणावर गुरगुरू देत नाही. "अंहं" म्हटलं की ती गप्प होते. सेक्रेटरीच्या वेळी आई मेथी निवडत राहते.