किल्ली फिरवायची राहिली

मेढ्याच्या मराठी शाळेत मी चित्रकला शिकवायचो. चव्वेचाळीस साल असावं. लढाई चालू होती, जावळीतल्या घराघरातला कुणी ना कुणी पलटणीत होता. माझ्या सांगलीच्या मामांचा फोटोचा स्टुडिओ होता आणि लहानपणी मी तिथंच रमलो होतो. त्यांनी वापरून टाकलेला एक पेटी कॅमेरा मला दिला होता. तो पाहून सहावीतली मुलं मागं लागली, "गुरुजी, आमाला शिकवा की."

हेडमास्तरांनी शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर परवानगी दिली. आठ जण आले, सात मुलगे आणि एक मुलगी.

फिल्म मिळणं तेव्हा कठीण होतं, त्यामुळे दोन महिने आम्ही रिकाम्या कॅमेऱ्यावरच शिकलो. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडायचं आणि त्यातून डोंगर, बैल, माणसं बघायची. चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवायचं. ऊन पाठीशी ठेवायचं. माणसापासून सहा पावलं मोजायची. कॅमेरा पोटाशी घट्ट धरायचा, श्वास रोखायचा आणि मग खटका दाबायचा. मुलगी सगळ्यांत जास्त मन लावून करायची. खटका दाबून झाला तरी तिचा श्वास रोखलेलाच असायचा. मला सांगावं लागे, "अगं, सोड आता."

दसऱ्याच्या सुमारास मामांनी कुठून तरी एक फिल्म मिळवून पाठवली. तीत आठच फोटो निघणार होते, म्हणजे प्रत्येकाला एक. एक फोटो झाला की किल्ली फिरवून फिल्म पुढं सरकवावी लागते. मागच्या लाल काचेत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. फिल्म वाया जाऊ नये म्हणून मी सांगून ठेवलं, "किल्लीला कुणी हात लावायचा नाही. ती मीच फिरवणार."

मुलीचे वडील तेव्हा रजेवर आले होते. रजा संपली होती आणि फोटो काढायच्या शनिवारी दुपारच्याच मोटारीनं ते जाणार होते. पाच मुलांचे फोटो झाल्यावर तिची पाळी आली, तिनं त्यांना शाळेत आणलं. खाकी कपडे, पायाला पट्ट्या, खांद्याला पिशवी. शाळेच्या भिंतीशी ते ताठ उभे राहिले. पोरीनं सहा पावलं मोजली.

"आबा, हलायचं न्हाई. मी म्हनंपतूर श्वास सोडायचा न्हाई."

त्यांनी टाचा जुळवून तिला सलाम ठोकला. "हुकूम, साहेब!"

सगळी पोरं हसली, मीही हसलो. तिनं मात्र हसू दाबलं आणि खटका दाबला.

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. आम्ही सगळेच त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेलो. कोळशाच्या गॅसवरची ती मोटार धूर सोडत वळणाआड गेली. परत आल्यावर पुढच्या मुलानं शाळेजवळच्या विहिरीचा फोटो काढला आणि शेवटच्यानं आपल्या धाकट्या भावाचा. आठही जणांचं झालं. मी कॅमेरा उलटा करून पाहिला तर लाल काचेत सातचा आकडा.

मोटारीच्या गडबडीत किल्ली फिरवायची राहिली होती, मुलीच्या फोटोवरच विहिरीचा फोटो पडला होता. मी कुणाला काही बोललो नाही. "दिवाळीत सांगलीला जाईन तेव्हा धुऊन आणतो," एवढंच म्हणालो.

सांगलीला मामांच्या अंधाऱ्या खोलीत कागद औषधाच्या पाण्यात हलत होता. विहिरीचे दगड दिसले, आणि त्या दगडांमधून बूट आणि पट्ट्या. छातीपासून वर विहिरीमागचं आभाळ उमटलं होतं. चेहऱ्याच्या जागी कोरा पांढरेपणा.

"कुणाच्या हातून झालं हे?" मामांनी विचारलं.

"माझ्या."

"मग पोरांना तसं सांग."

मी मान डोलावली. आणि शाळा उघडल्यावर सांगितलं ते वेगळंच. सहा फोटो वाटले आणि त्या दोघांना म्हणालो, "तुमचे आले नाहीत. हात हलला असेल."

विहीरवाला मुलगा खांदे उडवून खेळायला पळाला. मुलगी तिथंच उभी राहिली. आपल्या हाताकडं बघत होती. "लय घट्ट धरला हुता गुरुजी," एवढंच म्हणाली. मी दुसरीकडं पाहिलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि पोरांसमोर चुकणं मला जमत नव्हतं. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

थंडी सरता सरता तार आली. तिचे वडील इटलीच्या लढाईत पडले होते.

पंधराएक दिवसांनी तिची आई शाळेत आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. दारातच उभी राहिली.

"गुरुजी, पोरगी म्हनती फोटू बिघाडला. बिघाडल्याला आसला तरी द्या. घरात त्येंचा एक बी फोटू न्हाई."

मी चित्रांच्या सामानाची पेटी उघडून तो कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडं धरला. बोटानं बूट चाचपले. मग बोट वर वर गेलं आणि थांबलं.

मी म्हणालो, "बाई, तिचा हात हलला नव्हता. चूक माझी. मी खोटं बोललो."

कागदावरची नजर न काढता ती म्हणाली, "आवं, पोर रोज सांजच्याला पान्यानं काठोकाठ भरल्याली वाटी तळहातावर घिऊन हुबी ऱ्हायची. सांडतंय का बघायची. मी इचारलं तर म्हनायची, माजा हात हलतुया, आये." तिचा आवाज चढला नाही. "तिला तुमीच सांगा. माज्यानं न्हाई व्हायाचं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी गोठ्यापुढं पाटीत शेण भरत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी माजा हात हलला न्हवता?"

"नाही."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?" ती हातांवरचं शेण पाटीच्या काठाला पुसत राहिली. "मी आबांस्नी पत्रात लिवलं, माज्या हातनं बिघाडला. त्येंनी लिवलं, बिघडू दे, आलू की पुन्यांदा काड. तिकडं फोटूवाला आसतुया म्हनं. तुमी सांगितलं आसतं, तर मी लिवलं आसतं, तितनंच काडून धाडा. धाडला आसता त्येंनी."

माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मला वाटत होतं, फोटो एकदा गेला तो गेलाच. पण तीन महिने वेळ होता आणि तो मी माझी लाज झाकण्यात घालवला. मी हात जोडले. ती गोंधळली, घरात निघून गेली. आतून तिचं रडणं ऐकू आलं. तार आल्यापासून ती रडली नव्हती, हे मला नंतर तिच्या आईनं सांगितलं.

शनिवारचा तास मी बंद केला. इतर मुलं विचारायची, तेव्हा फिल्म मिळत नाही म्हणून सांगायचो. तेही खरंच होतं. ती सातवीपर्यंत शाळेत आली, शेवटच्या परीक्षेत पहिली आली. साताऱ्याला पुढं शिकायला पाठवा म्हणून मी दोनदा तिच्या आईकडं गेलो. तिनं मला चहा दिला, पण पोरीला पाठवलं नाही. त्या उन्हाळ्यात फलटणकडच्या एका घरात तिचं लग्न ठरलं.

लग्नाला मी गेलो. वरात निघताना ती वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापर्यंत आली आणि वाकली. मी डोक्यावर हात ठेवला. ती "येतू गुरुजी," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही.